आधी पाय मोजा

देवळाली प्रवऱ्यात खोली शोधत होते, तेव्हा चार घरमालकांनी मला चार प्रश्न विचारले. पहिल्याने विचारलं, लग्न झालंय का. दुसऱ्याने, मटण-मासे करता का. तिसऱ्याने गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, आणि त्यावरून काय काढायचं ते मनातल्या मनात काढून खोली नुकतीच गेल्याचं सांगितलं. चौथे अण्णा. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अंगणातल्या हौदाशेजारी उकिडवे बसले होते. पुढ्यात इनॅमलची पांढरी थाळी, थाळीत बोटभर पाणी आणि पाण्यात काड्या, सडका पाला, शेवाळ.

“बसा,” ते म्हणाले. “ह्यात जीव किती हायेत, सांगा.”

मी सकाळपासून उन्हात फिरून वैतागले होते. “एकही नाही,” म्हटलं. “कचरा आहे सगळा.”

“नीट बघा.”

“अहो, काडी आहे ती. काडीत काय बघायचं?” असं मी म्हणाले आणि काडी चालायला लागली.

मी किंचाळले, “आई गं! कचरा चालतोय!” अण्णांनी मांडीवर अशी थाप मारली की हात थाळीला लागून निम्मं पाणी माझ्या चपलेवर आलं. “माई!” त्यांनी घराकडे तोंड करून बायकोला हाक दिली. “खोली दिली गं हिला! हिला दिसतंय!”

मग गळ्यात नाडीने बांधलेलं भिंग काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. ती काडी नव्हतीच. काड्याकुड्या आणि वाळूचे कण चिकटवून केलेली एक बारीक नळी होती, आणि तिच्या तोंडातून डोकं आणि सहा पाय बाहेर काढून एक अळी ते सगळं घर ओढत चालली होती. “ह्यो बिऱ्हाडी,” अण्णा म्हणाले. “सारा संसार पाठीवर. जितं जाईल तितं घर संगं.” माझे आई-वडील शेवगावकडचे. दिवाळी झाली की कोयते, तवा, गोधड्या आणि आम्ही भावंडं ट्रॉलीत भरून ऊसतोडीला निघायचे. त्या अळीकडे बघताना मला ती ट्रॉली आठवली. अण्णांना ते काही सांगितलं नाही. खोली पसंत आहे, एवढंच म्हणाले.

आता गंमत बघा. मी आरोग्यसेविका. नुकती रुजू झाले होते, आणि माझ्या कामाचा मोठा भाग म्हणजे अळ्या मारणं. घरोघर जायचं, पिंप, रांजण, टाकी उघडायला लावायची, आत बॅटरी मारायची, डासाची अळी दिसली की पाणी ओतायला लावायचं नाहीतर औषध टाकायचं. कसायाने गोठ्यात बिऱ्हाड करावं तसा तो प्रकार. दुसऱ्या दिवशी मी अण्णांना हे भीतभीत सांगितलं. ते म्हणाले, “मारा की. पर कोन हाय ते इचारून मारा.”

अण्णा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. रसाचे नमुने आणायचे, तपासायचे, त्यात जंतू वाढले नाहीत ना ते बघायचं. “सारी नोकरी भिंगात बघितलं आन लिवलं, काई न्हाई, काई न्हाई, काई न्हाई,” ते सांगायचे. “रिटायर झालो तवा म्हनलं, आता जितं काई हाय तितं बघू.” आणि जिथं काही होतं ते त्यांना अंगणातच सापडलं. घर बांधताना विटा भिजवायला केलेला तो हौद. घर झाल्यावर तो फोडायचा आणि तिथे कर्दळी लावायच्या, असं माईंचं ठरलं होतं. अण्णांनी एक दिवस त्यात डोकावून पाहिलं आणि कर्दळी राहिल्या त्या राहिल्याच.

माईंचं खरं भांडण हौदाशी नव्हतं, गाळण्यांशी होतं. चहाची गाळणी घरात आली की दोन दिवसांत तिला काठी बांधली जायची आणि ती हौदावर कामाला लागायची. त्या घरात मी जितके दिवस राहिले तितके दिवस चहा फडक्यातून गाळलेला प्यायले. माई म्हणायच्या, “लोकांच्या नवऱ्याला दारूचं याड आसतं. ती दारू तरी दुकानात मिळती. ह्यांचं सामान माझ्या मांडणीवरनं जातंय.”

अण्णांची शिस्त मात्र कडक. थाळीत काहीही आलं तरी नाव घ्यायचं नाही. “नाव शेवटी. आधी पाय मोजा. मंग शेपट्या. मंग श्वास कुठनं घेतोय ते बघा. मंग चालतो कसा. तवर त्वांड बंद.” मी सवयीने “डास!” म्हणून ओरडायचे, की ते हात वर करून मला थांबवायचे. डासाच्या अळीला पायच नसतात, हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, पण मी कधी मोजायला गेले नव्हते. त्यांची नावं त्यांची स्वतःची. मागे तीन धागे असणारी, चपळ, ती तीनशेपटी. पाठीवर पोहणारा तो उताणा. आणि चतुर, म्हणजे पावसाळ्यात हेलिकॉप्टरसारखे घिरट्या घालतात ते मोठ्या डोळ्यांचे किडे, त्यांची पाण्यातली पिल्लं म्हणजे पैलवान. अण्णांचा सगळा जीव पैलवानांत. मातकट, खरबरीत, गाळात दबा धरून बसलेले असायचे. भक्ष्य जवळ आलं की खालचा ओठ हातासारखा फेकायचा, धरायचं, परत आत. डोळ्याचं पातं लवायच्या आत. आणि पळायचं झालं तर मागच्या बाजूने पाणी सोडून पुढे सुसाट! हे दाखवताना अण्णा स्वतः ओणवे होऊन अंगणात पळून दाखवायचे. माई डोळ्यांवर पदर घ्यायच्या.

एकदा त्यांनी बरणीत पैलवान घालून एसटीने संगमनेर गाठलं, कॉलेजातल्या एका प्राध्यापकांना दाखवायला. वाटेत खड्ड्यात गाडी आदळली, बरणी शेजारच्या बाईंच्या मांडीवर, पैलवान सीटखाली. अण्णांनी कंडक्टरला गाडी थांबवायला लावली आणि निम्मी गाडी खाली वाकवली. प्राध्यापकांनी भलंमोठं शास्त्रीय नाव सांगितलं. परत आले ते जरा नाराज. “नाव लई मोठं हाय,” म्हणाले. “त्यानं जनावर बारीक दिसाया लागलं.”

त्यांची हाक यायची ती वेळकाळ न बघता. “ओ शिस्टर! या या या! हातातलं टाका!” मी पिठाच्या हाताने धावले आहे, डोक्यावर शिकेकाईचा फेस घेऊन धावले आहे. एका पहाटे हाक आली तेव्हा उजाडलंही नव्हतं नीट. हौदातल्या एका लव्हाळ्यावर पैलवान चढून बसला होता, चिकटल्यासारखा, मेल्यासारखा. “ह्याचा आज दिवस हाय,” अण्णा कुजबुजले. बघता बघता त्याची पाठ उभी चिरली. त्यातून डोकं आलं, मग पाय, मग एक ओलं, फिकट, चुरगळलेलं काहीतरी लोंबायला लागलं. हळूहळू त्या चुरगळ्याचे पंख झाले. माईही येऊन उभ्या राहिल्या होत्या. आत माईंचा चहा उतू गेला, त्याचा वास आला, माई हलल्या नाहीत. ऊन हौदाच्या कठड्यावर आलं तेव्हा चतुराने पंख थरथरवले आणि तो उडाला. मी तर रडलेच. माई म्हणाल्या, “पोर सासरी गेल्यागत वाटतंय बाई,” आणि त्याही डोळे पुसायला लागल्या.

मला बघायला स्थळ आलं होतं, तेव्हाची गोष्ट सांगायलाच हवी. आई-वडील तोडीवर, म्हणून मामा पाहुण्यांना घेऊन माझ्या खोलीवरच आला. पोह्यांच्या बश्या गेल्या आणि अण्णा थाळी घेऊन आले. नवऱ्या मुलासमोर ठेवली, भिंग दिलं. “पाय किती, सांगा.” मुलाने थाळीकडे ओझरतं पाहिलं आणि म्हणाला, “आठ असतील.” अण्णांनी थाळी उचलली. पाहुणे गेल्यावर मला म्हणाले, “न मोजता सांगितलं. बघा बाई तुमचं तुमी.” मी नकार दिला तो दुसऱ्या कारणांनी, पण मामा आजही अण्णांच्याच नावाने बोटं मोडतो.

गल्लीत मात्र अण्णांचं नाव बिघडलं होतं, आणि त्याला कारण पैलवानांचा खुराक. डासाच्या अळ्या म्हणजे त्यांचा जीव की प्राण. हौदात एकही उरायची नाही, म्हणून अण्णा वाटी घेऊन शेजारी जायचे. “वैनी, तुमच्या पिंपात अळ्या आसत्याल तर वाटीभर द्या की.” आता आमच्याकडे एखाद्या बाईला असं विचारणं म्हणजे तुझं घर उकिरडा आहे, असं तोंडावर म्हणणं. “आमी दर शुक्रवारी पिंप घासून कोरडं करतो, अण्णा!” असं म्हणून दार लागायचं. शुक्रवार हा आमच्या खात्याचा कोरडा दिवस. मी शेजारी उभी असले तर माझ्याकडेही एक जळजळीत नजर यायची, जशी काही मीच त्यांना पाठवलंय.

आणि त्या पावसाळ्यात समोरच्या भाऊसाहेबांची दहावीतली मुलगी तापाने पडली. भाऊसाहेबांचं खताचं दुकान, माणूस तसा भला. डेंगू निघाला, पेशी भराभर उतरल्या, पोरीला नगरला ऍडमिट केलं. भाऊसाहेब तिथून दोन दिवसांनी कपडे न्यायला घरी आले ते थेट अण्णांच्या दारात. डोळे लाल, दाढी वाढलेली. मागे सगळी गल्ली.

“अण्णा, तुमचं याड आमच्या जिवावर उठलंय,” ते म्हणाले. “त्यो हौद बुजवा.”

“भाऊसाहेब, पोरीचं लई वाईट वाटतंय,” अण्णा म्हणाले. “पर हौदात डास न्हाईत. डासाची एक अळी दावा मला. एक. म्या सवता फावडं घिऊन बुजवतो.”

गर्दीसमोर शब्द गेला. ठरलं असं, की येत्या शुक्रवारी आमचे साहेब येऊन हौद तपासतील. मुरमाची भरलेली ट्रॉली दारात उभी राहील. एक अळी निघाली तर मुरूम आत.

माझी झोप उडाली. मला त्या हौदात काय आहे ते माहीत होतं, आणि तरी मी खात्याची बाई. खात्यात गप्पी माशाचं जावयासारखं कौतुक. डासाच्या अळ्या खातो, जगतो, वाढतो, कुठल्याही डबक्यात सोडा. आरोग्य केंद्राच्या टाकीत ते ढिगाने होते. रविवारी अण्णा-माई राहुरीला लग्नाला गेले आणि मी पिशवीभर गप्पी आणून हौदात सोडून दिले. कोणाला विचारलं नाही. हौद वाचवल्याच्या आनंदात मी त्या दुपारी शिरासुद्धा केला.

सोमवारी सकाळी हाक आली नाही. मी दोनदा कान देऊन ऐकलं. शेवटी बाहेर गेले तर अण्णा हौदाशी बसलेले, थाळीत नुसतं स्वच्छ पाणी आणि त्यात एक मासा.

“तीनशेपटी दिसंना,” ते म्हणाले. “बिऱ्हाडी दिसंना. बारकं कोनच दिसंना. शिस्टर, ह्ये मासं कुठनं आलं आसतील?”

मी सांगितलं. शिव्या खायची तयारी करून सांगितलं. अण्णांनी गाळणी खाली ठेवली.

“हौदाच्या काळजीनं सोडलं व्हय?”

“हो.”

“मला इचारलं न्हाई.”

“नाही.”

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा गाळणी बुडवली. वर आली तर तिच्यात एक थोराड पैलवान, आणि पैलवानाच्या तोंडात गप्पी, शेपटी अजून हलतेय. “आरं!” अण्णा एकदम उभेच राहिले. “धरला! मासा धरला त्यानं! माई, बघ गं, सरकारी मासा खातोय!” त्यांचा चेहरा क्षणभर दिवाळीसारखा झाला आणि मग पुन्हा पडला. बरं करायला गेले आणि मी त्यांचं गोकुळ रिकामं करून ठेवलं होतं.

गप्पी अंडी घालत नाही, पिल्लंच टाकतो. एक राहिला तरी पुन्हा शंभर. म्हणजे सगळे काढायला हवे होते. आधी पैलवान एकेक वेचून दोन टबांत ठेवले, कारण कापडात सापडले असते तर चिरडले असते. मग माईंची जुनी साडी दोन बाजूंनी धरून आम्ही हौद गाळायला लागलो. “लग्नातला शालू न्हाई घावला व्हय तुमाला?” माई म्हणाल्या, आणि मग स्वतःच पदर खोचून आत उतरल्या. मी रजा टाकली. दोन दिवस आम्ही तिघं चिखलात. मंगळवारी संध्याकाळी शेवटचा मासा बादलीत आला आणि मी ते सगळे केंद्राच्या टाकीत परत नेऊन सोडले. पाणी पार गढूळ झालं होतं. “गाळ बसू द्या,” अण्णा म्हणाले. “मंग पैलवान सोडू.” गाळ बसता बसता शुक्रवार उजाडला.

उघडं पाणी, भर पावसाळा, आणि राखणीला कोणीच नाही. डासांच्या खात्यात पगार घेणाऱ्या बाईला हे सुचायला नको होतं का? नाही सुचलं.

शुक्रवारी साहेब आले. गल्ली जमली. ट्रॉली दाराशी घरघरत उभी. भाऊसाहेब नगरहून रात्रभर जागून आलेले. पोरीच्या पेशी स्थिर होत्या, पण डॉक्टरांनी अजून काही नक्की सांगितलं नव्हतं. साहेबांनी लांब दांड्याची पळी काढली आणि म्हणाले, “दहा वेळा बुडवायची.”

पहिल्या सहा वेळा काहीच नाही. सातव्यांदा पळीत काहीतरी वळवळलं. साहेबांचा जवळचा चष्मा घरी राहिला होता. त्यांनी पळी माझ्यापुढे केली. “सिस्टर, काय आहे?”

दोऱ्याच्या तुकड्याएवढी. डोकं खाली, शेपूट पाण्याच्या वरच्या थराला लावून लटकलेली. मला ओळखायला भिंग नको होतं. मी ट्रॉलीकडे पाहिलं, माईंकडे पाहिलं.

“चतुराचं पिल्लू आहे, साहेब,” मी म्हणाले. “डासाची नाही.”

माईंनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. साहेब पळी रिकामी करणार, इतक्यात अण्णा पुढे आले.

“थांबा,” ते म्हणाले. “शिस्टर, पाय मोजलं का?”

मी पळीत वाकून पाहिल्यासारखं केलं.

“मोजा.”

“अण्णा, बारीक आहे, दिसत नाहीत.”

त्यांनी भिंग माझ्या हातात ठेवलं. साऱ्या गल्लीसमोर मी वाकले. “नाहीत,” मी म्हणाले. “पाय नाहीत.”

“शेपटीला नळी हाय. डोकं खाली हाय. साहेब, ही डासाचीच हाय,” अण्णा म्हणाले. भिंतीला टेकवलेलं फावडं त्यांनी उचललं.

“अहो!” माई ओरडल्या. “डोकं ठिकानावर हाय का तुमचं? ती न्हाई म्हनली हुती की!”

“ती चुकली,” अण्णा म्हणाले आणि ट्रॉलीकडे निघाले.

मी पुढे होऊन फावडं धरलं. रडत, ओरडत, माझ्या घरच्या बोलीत सगळं सांगून टाकलं. गप्पी मी सोडले, मासे काढायला पैलवान बाहेर ठेवावे लागले, ते आत असते तर अळी राहिलीच नसती, आणि आत्ता खोटंही मीच बोलले. साहेबांचा चेहरा कडक झाला. भाऊसाहेब म्हणाले, “कोन पैलवान?”

अण्णांनी मग टब ओढून आणला. थाळीत पाणी घेतलं, एक पैलवान ठेवला आणि पळीतली अळी त्याच्यासमोर सोडली. गल्ली वाकली. अळी वळवळली. पैलवान ढिम्म. कोणीतरी मागून हसलं. आणि फटकन तो ओठ सुटला! अळी गेली!

“कुठं गेली?” साहेब म्हणाले.

“खाल्ली की वो!” कोपऱ्यावरच्या वहिनी ओरडल्या. “ह्या डोळ्यांनी बघितली! परत टाका!”

परत टाकायला अळी नव्हती. वहिनी पाय आपटत घरी गेल्या आणि झाकलेली वाटी घेऊन आल्या. “पिंपातली हाय,” म्हणाल्या, कोणाकडेही न बघता. ती गेली तशी दुसरी गेली. मग तिसरी. ज्या घरांनी वर्षभर मला पिंप उघडू दिलं नव्हतं, त्या घरांतून वाट्या, तांबे, बादल्या यायला लागल्या. “आमची टाका, आमची मोठी हाय!” अण्णा टब घेऊन बसलेले, घामाघूम, “ए, दाटी करू नगा, त्याला चावू द्या!” म्हणत. सगळ्यात शेवटी भाऊसाहेबांच्या बायको आल्या. त्यांच्या हातात फ्रिजच्या मागचा पाण्याचा ट्रे होता. त्यांनी तो माझ्यासमोर ठेवला. आत काळ्या ठिपक्यांसारखं वळवळत होतं. भाऊसाहेब मटकन कठड्यावर बसले.

साहेब विरघळणाऱ्यांतले नव्हते. “पैलवान आत सोडा,” म्हणाले. “पुढच्या शुक्रवारी वीस वेळा बुडवणार. एक निघाली तरी मुरूम. आणि सिस्टर, तुमचं काय करायचं ते मी नंतर बघतो.”

लोक गेल्यावर मी अण्णांना विचारलं, “खरं का सांगितलंत? हौद गेला असता.”

“हौद काय, परत बांधता येतो,” ते म्हणाले. पैलवान एकेक करून पाण्यात सोडत होते. “तुमी माज्यापायी आज चुकीचं वळखलं. उद्या कुनाच्या दारात आसंच वळखाल. त्या घरची पोर काय खेळन्यातली हाय व्हय?”

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. इतकी लाज मला आयुष्यात वाटलेली नाही.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा तीच गल्ली, तीच ट्रॉली. भाऊसाहेबांची मुलगी घरी आली होती, शाल गुंडाळून दारात खुर्चीवर बसली होती. अण्णांनी पळीला हात लावला नाही. “तुमी बुडवा,” म्हणाले. “तुमीच सांगा.” साहेबांनी मान डोलावली.

एकोणीस वेळा मी पळी बुडवली. एकोणीस वेळा पाय मोजले, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जातील असे. डास नाही. विसाव्यांदा पळी वर आली. आत एक अळी होती, आणि तिला पाय नव्हते.

“पाय नाहीत,” मी म्हणाले.

गल्लीतून हुंकार उठला. ट्रॉलीवाल्याने बिडी विझवली.

पण ती लटकलेली नव्हती. पाण्याच्या मधोमध आडवी, स्थिर. आणि आरपार! काचेची असावी तशी. दोन टोकांना दोन दोन काळे ठिपके नसते तर ती आहे हे कळलंसुद्धा नसतं. मी ती काचेच्या ग्लासात घेतली. “नळी दिसत नाही,” मी म्हणाले. “साहेब, डासाची असेल तर श्वासाला वर यावं लागेल. थांबायचं का?”

“थांबू,” साहेब म्हणाले.

भाऊसाहेबांनी मोबाईल काढून वेळ लावली. दहा मिनिटं. आख्खी गल्ली एका ग्लासाकडे बघत होती. अळी एकदा फटकन वळली, सगळ्यांनी श्वास रोखला, पुन्हा आडवी झाली. माई देवाचं नाव घेत होत्या. मोबाईल वाजला. ती वर आली नव्हती.

“डासाची नाही,” मी म्हणाले.

“मग कोण आहे?” साहेबांनी कागदावर पेन टेकवलं.

जिभेवर दोन-तीन नावं आली होती. कोणालाही पटली असती. “मला माहीत नाही, साहेब,” मी म्हणाले. “कधी बघितली नाही.”

साहेबांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी ग्लास माझ्या हातातून घेतला, भिंग डोळ्याला लावलं, ग्लास उन्हात धरला, फिरवला, पुन्हा धरला.

“म्हाईत न्हाई!” ते ओरडले. नातू झाल्याची बातमी सांगावी तसे ओरडले. “मलाबी म्हाईत न्हाई! माई, ये गं! भाऊसाहेब, पोरीला आना हिकडं! नवीन पाव्हनं आलंय!”

साहेबांनी लिहिलं, वाचून दाखवलं, “डास अळी आढळली नाही. एक जीव, ओळख पटली नाही,” आणि खाली सही केली. मग ट्रॉलीवाल्याला हात केला. ट्रॉली खडखडत मागे वळली, फाटकाला घासली, अर्धी पाटी मुरूम रस्त्यावर सांडला, सगळी गल्ली “अरे अरे” करत तिकडे धावली. अण्णांना ट्रॉली गेल्याचं कळलंच नाही. ते ग्लास उन्हाला धरून पहिल्यापासून मोजत होते.